सरासरी ३ मायक्रोसेकंद, पण मधूनच ४ मिलिसेकंद: ट्रेडिंग सॉफ्टवेअरमधला हा विलंब कसा शोधावा?

धरमपेठकर (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधील एका कंपनीत रुग्णालयांच्या बिलांचे सॉफ्टवेअर लिहिते. त्या कामाचा शेअर बाजाराशी काही संबंध नाही. मात्र इलेक्ट्रॉनिक ट्रेडिंगसाठी लागणारे कमी लेटन्सीचे (कमीत कमी विलंबाचे) सॉफ्टवेअर कसे लिहितात, हे गेले सात महिने मी रोज संध्याकाळी घरी स्वतः करून शिकत आहे. आता एका जागी अडले आहे, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझ्याकडे दोन संगणक एकाच केबलने थेट जोडलेले आहेत. पहिला संगणक सेकंदाला १ लाख या गतीने बाजारभावाची कृत्रिम पॅकेटे यूडीपीवर (पॅकेट पोहोचल्याची हमी न देणारी नेटवर्कची पद्धत) पाठवतो. दुसऱ्यावरचा सी प्लस प्लसमधला प्रोग्रॅम ती वाचतो, ऑर्डर बुक (खरेदी-विक्रीच्या प्रलंबित ऑर्डरींची भावनिहाय यादी) अद्ययावत करतो, एक साधा नियम तपासतो आणि नियम लागू झाल्यास ऑर्डरचा संदेश परत पाठवतो. पॅकेट हातात आल्यावर मी घड्याळ वाचते आणि काम संपल्यावर पुन्हा वाचते. या दोहोंतला फरक सरासरी ३ मायक्रोसेकंद आहे आणि ९९ वा पर्सेंटाइल ७ मायक्रोसेकंद आहे, म्हणजे १०० पैकी ९९ पॅकेटांना याहून जास्त वेळ लागत नाही. परंतु मधूनच ९०० मायक्रोसेकंदांचे झटके दिसतात, आणि त्यांचा काही नेम नसतो.

याखेरीज एक वेगळीच गोष्ट वारंवार दिसते. प्रोग्रॅम सुरू केल्यापासून साधारण साडेदहा सेकंदांनी ४ मिलिसेकंदांचा एक मोठा झटका येतो, मग एकविसाव्या सेकंदाला ८ मिलिसेकंदांचा आणि बेचाळिसाव्या सेकंदाला १६ मिलिसेकंदांचा. हे दर वेळी घडते. ऑर्डर बुकसाठी मी मॅप (नोंदी झाडाच्या रचनेत क्रमाने ठेवणारा साठा) वापरला आहे आणि प्रत्येक पॅकेटमधली किंमत व नग नंतर तपासता यावेत म्हणून एका व्हेक्टरमध्ये (गरजेनुसार वाढणारी सलग यादी) साठवते. कंपायलरचे सर्व पर्याय वापरून पाहिले आणि दोनचे चार थ्रेड (प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे प्रवाह) केले, तेव्हा आकडे सुधारण्याऐवजी बिघडले. मे महिन्यात दुपारी केलेल्या चाचण्यांचे आकडे रात्रीच्या आकड्यांपेक्षा स्पष्टपणे वाईट होते.

दुसरा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण विचारते. एक्स्चेंज मुंबईत आहे आणि मी नागपुरात. अशा स्थितीत मायक्रोसेकंदांचा अभ्यास करण्यात अर्थ आहे का?

खामलेकर

मी मुंबईत एका ट्रेडिंग सदस्य कंपनीत अकरा वर्षे हेच काम केले आणि आता दोन वर्षांपासून नागपुरात आहे. तुमचा दुसरा प्रश्न लवकर सुटण्याजोगा आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो.

ऑप्टिकल फायबरमधून प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. त्याच्या कडेने सरळ फायबर टाकली आहे असे मानले, तरी एका बाजूला साडेतीन मिलिसेकंद आणि जाऊन येऊन ७ मिलिसेकंद लागतील. प्रत्यक्ष इंटरनेटवर त्याहून अधिकच लागतात. म्हणजे तुमच्या ३ मायक्रोसेकंदांपुढे ७,००० मायक्रोसेकंदांचा प्रवास आहे, आणि तो कोणत्याही कोडने कमी होणार नाही. म्हणूनच वेगाची स्पर्धा करणारे आपले सर्व्हर एक्स्चेंजच्या को-लोकेशन केंद्रात, एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) बाबतीत वांद्रे-कुर्ला संकुलात, ठेवतात. परंतु प्रोग्रॅम चालतो मुंबईतल्या रॅकमध्ये. तो लिहिणारा कुठे बसतो याच्याशी प्रोसेसरला कर्तव्य नाही. कॅश (प्रोसेसरमधली छोटी, जलद मेमरी), मुख्य मेमरी, कर्नल (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि नेटवर्क कार्ड धरमपेठेतही तसेच वागतात. तुम्ही जे शिकत आहात त्यातला अंतराचा भाग वगळला, तर बाकी सर्व काही तुमच्या टेबलावर उपलब्ध आहे.

आता मूळ प्रश्न. साडेदहा, एकवीस, बेचाळीस या आकड्यांतच उत्तर आहे. सेकंदाला १ लाख पॅकेटे म्हणजे साडेदहा सेकंदांत सुमारे साडेदहा लाख नोंदी होतात, आणि दोनचा विसावा घात १०,४८,५७६ आहे. तुमचा व्हेक्टर भरला की तो दुप्पट जागा मागतो, जुन्या सर्व नोंदी नव्या जागी हलवतो आणि मगच पुढचे पॅकेट हाती घेतो. दर वेळी दुप्पट नोंदी हलवायच्या असल्याने वेळही दुप्पट लागतो. बाजार उघडण्यापूर्वीच पुरेशी जागा राखून ठेवा आणि त्या जागेच्या प्रत्येक पानाला (मेमरीच्या ठराविक आकाराच्या तुकड्याला) एकदा लिहून स्पर्श करा. कारण नुसती जागा मागितल्याने लिनक्स ती प्रत्यक्षात देत नाही, पहिल्यांदा लिहिताना पेज फॉल्ट होऊन देतो. त्याहून चांगले म्हणजे ही साठवण मुख्य थ्रेडमधून काढून टाका. मुख्य थ्रेडने एका रिंग बफरमध्ये (ठराविक आकाराची, शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरणारी रांग) नोंद टाकावी आणि दुसऱ्या कोअरवरच्या (प्रोसेसरच्या स्वतंत्र भागावरच्या) थ्रेडने ती उचलून हवी तिथे लिहावी. लिहिणारा एकच आणि वाचणारा एकच असेल, तर अशा बफरला लॉक लागत नाही. केवळ दोघांचे निर्देशांक (बफरमधली आपापली जागा दाखवणारे आकडे) वेगवेगळ्या कॅश लाइनवर, म्हणजे कॅशच्या ६४ बाइटांच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर, ठेवा. ते शेजारी राहिले तर दोन्ही कोअर तीच लाइन एकमेकांकडून ओढत राहतील; थ्रेड वाढवल्यावर तुमचे आकडे बिघडण्यामागे असेच काही असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

परंतु मला खरी काळजी तुमच्या मोजण्याच्या पद्धतीची आहे, आणि ती मी सर्वात महत्त्वाची मानतो. तुम्ही पॅकेट हातात आल्यावर घड्याळ सुरू करता. समजा, प्रोग्रॅम एकदा १ मिलिसेकंद अडला. पॅकेटे दर १० मायक्रोसेकंदांनी येत आहेत, म्हणजे तेवढ्यात मागे १०० पॅकेटे रांगेत उभी राहिली. एका पॅकेटला वाचण्यासह ५ मायक्रोसेकंद लागतात असे धरले, तर ही रांग उपसायला आणखी १ मिलिसेकंद लागेल, आणि तोवर नवी १०० येऊन उभी राहतील. अशा रीतीने सुमारे २०० पॅकेटांना उशीर झाला. तुमच्या नोंदवहीत मात्र एकच झटका दिसेल आणि बाकीची सर्व पॅकेटे ३ मायक्रोसेकंदांत झाली असे लिहिलेले असेल. कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या हंगामात काट्यावर एक गाडी अडली, तर मागच्या प्रत्येक गाडीचा खोळंबा होतो. काट्यावरच्या माणसाने केवळ गाडीचे वजन करण्याचा वेळ मोजला, तर तो खोळंबा त्याला कधीच दिसणार नाही. याला कोऑर्डिनेटेड ओमिशन म्हणतात, आणि गिल टेने या सॉफ्टवेअर अभियंत्याने या चुकीकडे अनेक वर्षे सातत्याने लक्ष वेधले आहे.

यावर उपाय असा, की घड्याळ बाहेर ठेवा. पाठवणाऱ्या संगणकाने प्रत्येक पॅकेटमध्ये ते ज्या क्षणी पाठवायचे ठरले होते तो क्षण लिहावा, तुमच्या प्रोग्रॅमने तो उत्तरात जसाच्या तसा परत करावा आणि उत्तर पोहोचल्यावर त्याच संगणकाने फरक काढावा. घड्याळ एकच असल्याने दोन यंत्रांची घड्याळे जुळवण्याचा प्रश्न उरत नाही. चाचणीपुरते प्रत्येक पॅकेटला उत्तर द्या.

आणखी एक तपासा. यूडीपी पॅकेटांसाठी लिनक्सचा बफर मुळात सुमारे २ लाख १३ हजार बाइटांचा असतो आणि प्रत्येक पॅकेटमागे कर्नलने वापरलेली जागाही त्यातच धरली जाते. ४ मिलिसेकंदांच्या झटक्यात ४०० पॅकेटे येतात. ती तिथे मावली नसण्याची दाट शक्यता आहे. तुमच्या पॅकेटांवर अनुक्रमांक आहेत का, आणि मधला क्रमांक गळाल्यास प्रोग्रॅमला ते कळते का? खऱ्या मल्टिकास्ट फीडमध्ये (एक्स्चेंजकडून एकाच वेळी सर्वांना जाणारा भावांचा प्रवाह) गळालेले पॅकेट आपोआप पुन्हा येत नाही. ते वेगळ्या मार्गाने मागून घ्यावे लागते, आणि तोपर्यंतचे ऑर्डर बुक चुकीचे आहे असेच समजावे लागते.

मॅपविषयी थोडक्यात सांगतो. त्याचा प्रत्येक नोड मेमरीत वेगळ्या ठिकाणी असतो. पहिल्या पातळीच्या कॅशमधून वाचायला १ नॅनोसेकंदाच्या आसपास लागतो, तर मुख्य मेमरीपर्यंत जावे लागले तर ८० ते १०० नॅनोसेकंद. झाडात चार-पाच पायऱ्या उतरताना ही किंमत पुन्हा पुन्हा मोजावी लागते. त्याऐवजी साधा ॲरे घ्या. ५०० रुपयांच्या समभागाला वरखाली २० टक्क्यांचा प्राइस बँड (दिवसभरात भाव जाऊ शकण्याची मर्यादा) असेल, तर ४०० ते ६०० रुपयांत ५ पैशांच्या टिकने (भाव बदलण्याच्या किमान पावलाने) ४,००० पातळ्या होतात. प्रत्येकी १६ बाइट धरले तरी हे ६४ हजार बाइट झाले, आणि उलाढाल सर्वोत्तम भावाच्या आसपासच होत असल्याने त्यांतला नेमका कामाचा तुकडा कॅशमध्येच राहतो. किंमत पैशांत, पूर्णांकात ठेवा. एनएसईच्या संदेशांतही ती तशीच येते, आणि ०.०५ ही संख्या बायनरी अपूर्णांकात नेमकी लिहिता येत नाही.

मानेवाडा रोड

मी सर्व्हर सांभाळतो, कोड लिहीत नाही, त्यामुळे केवळ अनियमित ९०० मायक्रोसेकंदांविषयी आणि दुपारच्या उष्णतेविषयी बोलतो.

तुमचा थ्रेड एका ठराविक कोअरला बांधलेला आहे का? नसेल, तर कर्नल त्याला एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवतो आणि त्याची सगळी कॅश मागे राहते. एक कोअर शेड्युलरपासून (कोणता थ्रेड कुठे चालेल हे ठरवणारा कर्नलचा भाग) वेगळा काढा, त्यावर फक्त हाच थ्रेड बसवा आणि नेटवर्क कार्ड वगळता इतर उपकरणांचे इंटरप्ट (चालू काम थांबवून लक्ष मागणारे संकेत) दुसऱ्या कोअरवर वळवा. थ्रेडने पॅकेटाची वाट पाहत झोपू नये, सतत विचारत राहावे. त्यात एक कोअर पूर्ण खर्ची पडतो, पण या कामात तो खर्च करायचाच असतो. रिकामा प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी निद्रावस्थेत जातो आणि खोल अवस्थेतून परत यायला काही वेळा १०० मायक्रोसेकंदांहून अधिक लागतात. बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) या अवस्था आणि हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय) दोन्ही बंद करा.

उन्हाळ्याचा मुद्दा खरा आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि खोलीच तापलेली असेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी गती उतरवतो. टर्बो (प्रोसेसरची आपोआप गती वाढवण्याची सोय) बंद करून गती एका आकड्यावर स्थिर करा. सर्वोच्च आकडा थोडा घसरेल, पण दुपार आणि रात्र यांच्या चाचण्यांची तुलना करता येईल. आज ज्या चाचण्यांवरून तुम्ही कोड बदलत आहात, त्यांत कोडचा परिणाम किती आणि हवेचा किती, हे सांगता येणार नाही.

इतवारीकर

ब्रोकरच्या कार्यालयात जोखीम विभागात काम केलेला माणूस म्हणून एक गोष्ट मांडतो, कारण वरच्या चर्चेत ती आलेली नाही. प्रश्नात "नियम लागू झाल्यास ऑर्डरचा संदेश परत पाठवतो" असे लिहिले आहे. नियम आणि संदेश यांच्या मध्ये तपासणी कुठे आहे?

सेबीने मार्च २०१२ मध्ये अल्गोरिदमिक ट्रेडिंगविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांनुसार प्रत्येक ऑर्डर एक्स्चेंजकडे जाण्यापूर्वी तिची किंमत, नग आणि एकूण मूल्य यांची तपासणी ब्रोकरच्या यंत्रणेत व्हावी लागते. त्याच वर्षी हे किती आवश्यक आहे याची दोन उदाहरणे घडली. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत नाइट कॅपिटल या कंपनीच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला. नव्या कामासाठी वापरलेल्या एका जुन्या फ्लॅगने (कोडमधला चालू-बंद दर्शवणारा संकेत) त्या सर्व्हरवर कित्येक वर्षे निजलेला कोड जागा केला, आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४४ कोटी डॉलरहून अधिक गमावले. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एका ब्रोकरकडून ५९ चुकीच्या ऑर्डरी गेल्या, निफ्टी क्षणात १५ टक्क्यांहून अधिक कोसळला आणि व्यवहार काही काळ थांबले. या दोन्ही प्रसंगी सॉफ्टवेअर पुरेसे वेगवान होते. त्याला वेळीच अडवणारे मध्ये काही नव्हते.

काही तरुण अभियंते मला म्हणतात की तपासणीने वेळ जातो. मी प्रोग्रॅमर नाही, परंतु तीन-चार पूर्णांकांची तुलना करायला किती लागते, हे येथील जाणकारांनी सांगावे. मर्यादा ओलांडल्याबरोबर सर्व ऑर्डरी रद्द करून थांबणारी कळही पहिल्या दिवसापासून असावी. शिकताना जी सवय लागते, तीच पुढे नोकरीत राहते.

खामलेकर

इतवारीकर यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मर्यादांचे आकडे कॅशमध्ये असतील तर चार तुलनांना काही नॅनोसेकंद पुरतात. ३ मायक्रोसेकंदांच्या हिशेबात ते दिसणारही नाहीत. वेळ वाचवण्यासाठी तपासणी काढणारा माणूस मला भेटला, तर मी त्याचा कोड वाचायलाही घेणार नाही.

याच्याशी जोडलेली एक अडचण आहे. भावाची पॅकेटे सेकंदाला लाखभर येतात, पण ऑर्डर क्वचितच पाठवली जाते. त्यामुळे तपासणीचा आणि ऑर्डर बांधण्याचा कोड बहुतेक वेळ वापरात नसतो, कॅशमधून बाहेर ढकलला जातो, आणि कोडमधली शाखा ("अट खरी की खोटी" हे वळण) कोणत्या बाजूला जाईल याचा प्रोसेसरने बांधलेला अंदाज "पाठवायचे नाही" याच बाजूचा होतो. ज्या एका क्षणासाठी सगळा खटाटोप केला, नेमका तोच क्षण सर्वात मंद जातो. आम्ही यासाठी थोड्या थोड्या वेळाने एक खोटी ऑर्डर संपूर्ण मार्गावरून, तपासणीसह, चालवत असू आणि अगदी शेवटच्या पायरीवर ती टाकून देत असू. ती टाकून देणारी अट मात्र दोन जणांनी वाचल्याशिवाय कधीही बदलली जात नसे. तुमच्या चाचणीत तुम्ही आता प्रत्येक पॅकेटला उत्तर देणार आहात, म्हणून हा मार्ग सतत उबदार राहील आणि आकडे खऱ्यापेक्षा चांगले दिसतील. दुसरी चाचणी अशी करा, की दर दहा हजारांतून एकाच पॅकेटला उत्तर जाईल, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

धरमपेठकर

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. तीन आठवडे यावर काम करून आता लिहिते आहे.

घड्याळ बाहेर नेल्यावर पहिला आकडा पाहून मी हादरले. जाऊन येऊन लागणारा ९९.९ वा पर्सेंटाइल २ मिलिसेकंदांच्या वर होता, आणि अनुक्रमांक तपासल्यावर कळले की प्रत्येक मोठ्या झटक्यात शेकडो पॅकेटे गळत होती. सात महिने मी चुकीच्या ऑर्डर बुकवर चाचण्या घेत होते आणि मला ते माहीत नव्हते. व्हेक्टर मुख्य थ्रेडमधून काढल्यावर दुप्पट होत जाणारे झटके पूर्णपणे थांबले. ९०० मायक्रोसेकंदांच्या झटक्यांचे मुख्य कारण मात्र मी प्रश्नात लिहिलेच नव्हते, कारण ते मला महत्त्वाचे वाटले नव्हते: नियम लागू झाला की मी एक ओळ लॉग फाइलमध्ये लिहून ती लगेच डिस्कवर ढकलत होते. तो लॉगही आता रिंग बफरमधून जातो. कोअर वेगळा काढला, निद्रावस्था बंद केल्या आणि गती स्थिर केली. मॅपच्या जागी ॲरे घेतला. किंमत, नग, मूल्य आणि सेकंदाला किती ऑर्डरी जाव्यात, अशा चार तपासण्या घातल्या. त्यांचा वेळ मोजण्याचा प्रयत्न केला, तर तो मोजण्याच्या चुकीतच बुडून जातो.

आता प्रत्येक पॅकेटला उत्तर देताना जाऊन येऊन ९९.९ वा पर्सेंटाइल ३१ मायक्रोसेकंद आहे, आणि दहा हजारांतून एकालाच उत्तर देताना ४४. हा फरक खोट्या ऑर्डरींच्या युक्तीने भरून काढायचा आहे. एक कोडे मात्र उरले आहे. दर काही सेकंदांनी, प्रोग्रॅम काहीही करत असला तरी, सुमारे १५० मायक्रोसेकंदांचा एक खड्डा पडतो. त्या वेळी कर्नलच्या नोंदींत त्या कोअरवर एकही इंटरप्ट दिसत नाही आणि दुसरा कोणताही थ्रेड तिथे येत नाही.

मानेवाडा रोड

कर्नलला काहीच दिसत नसेल, तर ते बहुधा कर्नलच्या खालून येत आहे. मदरबोर्डचे फर्मवेअर तापमान किंवा वीज तपासण्यासाठी अधूनमधून सर्व कोअर एकाच वेळी थांबवते. याला सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट म्हणतात, आणि तो ऑपरेटिंग सिस्टिमपासून लपलेला असतो. लिनक्सच्या ट्रेसिंगमध्ये हार्डवेअर लेटन्सी मोजणारा एक ट्रेसर आहे. तो इंटरप्ट बंद करून सतत घड्याळ वाचत राहतो आणि मध्ये खंड पडला की त्याची नोंद करतो. तुमचा प्रोग्रॅम पूर्ण बंद ठेवून तो अर्धा तास चालवा. तेच १५० मायक्रोसेकंद तिथेही दिसले, तर कोडला हात लावू नका. बायोसमध्ये वीज व्यवस्थापन आणि यूएसबी लेगसी सपोर्ट बंद करून पुन्हा मोजा. तरीही ते राहिले, तर मदरबोर्डचे मॉडेल येथे लिहा, मी माझ्याकडच्या यंत्रांवर ताडून पाहतो.